वर काय होतं, ते आता ऐक

रेजिना, आता तुला कानांवर हात ठेवता येणार नाहीत. बस गप्प आणि ऐक.

काल तुझ्या सातव्या दिवसाची मिस्सा झाली. चर्च गच्च भरलं होतं. फादर छान बोलले. तुझी शाळा, तुझी शिस्त, पोरं तुला किती घाबरायची, सगळं सांगितलं. खोटं काहीच नव्हतं, पण ते ज्या बाईबद्दल बोलत होते ती मला ओळखीची वाटेना. मी आपली मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. तेच आपलं जुनं भांडण. मिस्सा संपून बाहेर आले तर मंगल उभी. डोळे रडून सुजलेले, आणि तोंडून पहिलं वाक्य काय, तर "सुनंदाताई, आता तरी तिला वरचं सांगून टाका." मला हसू फुटलं गं, चर्चच्या दारात, चार लोकांसमोर. तुझी वहिनी बघतच राहिली माझ्याकडे.

वरचं म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक. आपण सात जणी वसईहून बर्फाच्या डोंगरावर गेलो, सहा जणी माथ्यावर पोचलो आणि तू एकटी खाली राहिलीस. का राहिलीस यावर तू एक सांगायचीस, मी दुसरं. तू म्हणायचीस, पाय मुरगळला होता. मी म्हणायचे, साफ खोटं. आणि माझ्याकडे पुरावा होता! पण तो पुरावा माथ्यावरचा, आणि माथ्यावरचं एक अक्षर तू कधी ऐकून घेतलं नाहीस. "सांगू नको! मी माझ्या डोळ्यांनी बघनार!" की लगेच दोन्ही कानांवर हात आणि मोठ्यानं आ-आ-आ. मासळी बाजारात, रिक्षाच्या रांगेत, अगदी माझ्या मुलीच्या लग्नाच्या मांडवातसुद्धा. शाळेतलं तुझं मराठी कसं चोख असायचं, पण रागावलीस किंवा खुशीत आलीस की पाचूबंदरचं घर तुझ्या जिभेवर यायचं. मग 'ण' कुठला सापडायला!

माझी-तुझी ओळखच मुळी भांडणातून झाली. मी तेव्हा चिपळूणहून लग्न होऊन माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये येऊन रुळले होते, जाड झाले होते, आणि माझी पोरगी तुझ्या पी.टी.च्या तासाला धापा टाकते म्हणून तक्रार घेऊन शाळेत आले होते. तू शिट्टी गळ्यात अडकवून उभी. सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "आई पळत नाही तर पोरगी कशी पळेल? रविवारी सहाला तयार राहा. तुंगारेश्वरला जायचंय." मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, काय उद्धट बाई आहे! आणि रविवारी पावणेसहाला खाली येऊन उभी राहिले. का, ते मला आजही सांगता यायचं नाही.

मग तो नादच लागला. थंडी पडली की दर रविवारी आपण सात बायका सातिवलीच्या गोडाऊनांच्या बाजूनं आत शिरायचो आणि जंगल चढायला लागायचो. काळेमावशी साठीच्या, आणि मंगल नुकती कॉलेज संपवून बँकेत लागलेली. पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट, पिशवीत सुकेळी आणि उकडलेली अंडी. गावातली माणसं हसायची आपल्याला. हसोत बापडी. मी पहिल्या रविवारी अर्ध्यात बसकण मारली होती. तू समोर उभी राहून म्हणालीस, "काय गं, उठतेस की शिट्टी वाजवू?" तेव्हा मी तुला पटकन बोलून गेले, की माझं सगळं असंच अर्ध्यावर राहतं. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं, शिवणाचा क्लास सोडला, पोहायला शिकायला गेले ते चार दिवसांत परत. घरात कुणी एखादं काम अर्धवट टाकलं की आमच्याकडे म्हणायचे, "काय, सुनंदा झाली का तुझी?" सगळे हसायचे, मीही हसायचे. तू मात्र हसली नाहीस. नुसता हात पुढे केलास आणि मला ओढून उभी केलीस.

आणि मग स्टाफरूममधलं ते कॅलेंडर! देवदाराचं जंगल, त्यावर बर्फ, मागे निळं आभाळ. तू ते पान फाडून रविवारी घेऊन आलीस. "इथे जायचं." झालं. मंगल उड्या मारायला लागली, काळेमावशींनी लगेच स्वेटर विणायला लोकर कुठली घ्यायची ते विचारलं. मी म्हटलं, अगं घरी विचारू तरी दे! तू म्हणालीस, "विचारू नको, सांग." नाताळच्या दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. सणाचे पाहुणे घरात असताना पोरगी हिमालयात चालली म्हणून तुझी आई महिनाभर तुझ्याशी धड बोलली नव्हती. तरी तिनंच डबाभर सुके बोंबील भाजून दिले, ते आपण गाडीत दिल्लीच्या आत संपवले आणि अख्ख्या डब्यातल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

पण खरा तमाशा मनालीला झाला. आठवतंय ना? डोंगरावर जायच्या आदल्या संध्याकाळी गाईड आपल्याला दुकानात घेऊन गेला. बर्फात चालायचे बूट भाड्यानं घ्या म्हणाला. तुला काय राग आला! "बर्फाचं आम्हाला शिकवता? अरे, आमच्या घरात मासळीच्या आधी बर्फ येतो!" तो बिचारा हिमाचली पोरगा, त्याला मराठी काय कळणार? पण तू थांबशील तर ना. बर्फाच्या कारखान्यातली माणसं पायाला गोणपाट बांधून ओल्या लाद्यांवर कशी चालतात, तुझे भाऊ होडीच्या पोटात बर्फ भरताना कसे उभे राहतात, सगळं अभिनयासकट त्या दुकानात करून दाखवलंस. मग हॉटेलात येऊन बॅगेतून काय काढलंस? एक अख्खं गोणपाट! मासळीचा वास मारणारं! वसईहून तिथवर बाई ते घेऊन आली होती. कात्रीनं पट्ट्या कापल्यास आणि प्रत्येकीला दोन-दोन वाटल्यास. आम्ही सगळ्या माना डोलावत होतो. आमच्या दृष्टीनं बर्फ म्हणजे सरबतातला, नाहीतर तुझ्या घरचा. त्यात तू जाणकार.

सकाळी जीपनं सोडलं तिथे जंगल सुरू होत होतं. बाई गं! मी अजून डोळे मिटले की ते दिसतं. एवढाले देवदार, प्रत्येक फांदीवर बर्फाची चादर, आणि शांतता अशी की स्वतःचा श्वास ऐकू यावा. आणि मग काळेमावशी, साठीच्या काळेमावशी, चार पावलं पुढे गेल्या आणि सरळ बर्फात उताण्या पडल्या. मला वाटलं चक्कर आली. तर त्या हातपाय हलवत म्हणतात, "मऊ आहे गं! कापसासारखा मऊ आहे!" झालं, सगळ्यांना चेव आला. मंगलनं पहिला गोळा तुला मारला. तू भावाचा पिवळा रेनकोट घातला होतास, समुद्रावर जातानाचा, आणि पायात त्याचेच गमबूट, वर गोणपाट. तू शिट्टी तोंडात धरून आम्हा सगळ्यांना गोळे हाणत सुटलीस. आपण किती ओरडत होतो! गाईड डोक्याला हात लावून बसला.

पण तुझं गोणपाट! कारखान्यातल्या ओल्या लादीवर ते चालत असेल, इथे तो भुसभुशीत बर्फ. दहा पावलांत गोणपाट भिजलं, त्याला बर्फ चिकटला, त्यावर आणखी चिकटला, आणि थोड्या वेळात आम्हा साती जणींच्या पायांना भोपळे लागले. खरंच भोपळे. पाय उचलायचा म्हणजे दोन्ही हातांनी मांडी धरून उचलायचा. मंगल तर एका जागी उभी राहून नुसती हसत होती, तिला पुढे येताच येईना. तुझी चूक झाली हे तू कबूल केलंस का? छे! "इथला बर्फच वेगळा हाय," म्हणालीस, जणू त्या डोंगरानं भेसळ केली होती. हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

गोणपाटं सोडली, चाकूनं बर्फ खरवडला, आणि कशाबशा त्या मोकळ्या मैदानापर्यंत आलो. तिथे चहाची झोपडी होती, एक म्हातारी पहाडी बाई चहा करत होती. तिनं आपली पावलं बघितली आणि प्लास्टिकच्या पिशव्या आणून दिल्या. मोज्यांवर त्या चढवून बाकीच्यांचं भागलं. माझं मात्र नाही. ते भोपळे ओढताना माझ्या डाव्या बुटाचा तळ टाचेपासून सुटला होता, कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबत होता. तेवढ्यात गाईड आभाळाकडे बघून म्हणाला, "ऊपर जाना है तो अभी चलो. बादल आ रहा है." माथा समोर दिसत होता, जंगलाच्या वर, मोकळा. मी बाकावर बसले आणि म्हटलं, जा तुम्ही, मी थांबते. अगदी सहज म्हटलं. मला सवयच होती.

तू माझ्याकडे बघितलंस. मग एकदम ओरडलीस, "आई गं!" आणि माझ्या शेजारी धपकन बसलीस. उजवा पाय मुरगळला म्हणे. केव्हाचा दुखतोय म्हणे, सांगितलं नाही म्हणे. बोलता बोलता गमबूट काढून माझ्यापुढे ठेवलेस. "घाल. तुझं-माझं एकच माप हाय." मी म्हटलं, अगं वेडी की काय, हे सगळं तू जमवलंस, कॅलेंडर तू फाडलंस, तूच नाही जाणार? तू आधी शिट्टी तोंडात घातलीस, मग काढलीस आणि हळूच म्हणालीस, "बाय, माझा पाय दुखतोय. तू जाऊन ये. आनि अर्ध्यातून फिरलीस तर बघ."

मी ते बूट घातले. आत तुझ्या पायांची ऊब होती अजून.

आता हसू नकोस, पण तुझ्या त्या बुटांना मासळीचा वास इतका होता, की झोपडीजवळची तीन कुत्री माझ्या मागे लागली ती थेट वरपर्यंत. एक पाऊल टाकायचे, कुत्रं बूट चाटायचं, दुसरं पाऊल टाकायचे. गुडघाभर बर्फ, झाडांतून भुरभुर खाली पडणारा, छातीत नुसता भाता चाललेला. दोनदा मला वाटलं आता बस्स. दोन्ही वेळा खाली बघितलं तर पायात तुझे बूट. बसणार कशी? काळेमावशी पुढून ओरडत होत्या, "ये गं ये, आलंच!" आणि मंगल मागून मला ढकलत होती, अक्षरशः दोन्ही हातांनी. मी रडत होते की हसत होते, कोण जाणे. आणि मग झाडं संपली.

थांब. ते शेवटी सांगते. आधी खालचं.

उतरून आलो तेव्हा तू काय अवतार केला होतास! बाकावर आडवी, पाय उशीवर ठेवावा तसा दुसऱ्या बाकावर, घोट्याला ओढणी करकचून बांधलेली, चेहरा असा की आता अँब्युलन्स बोलवावी. "आलात?" म्हणालीस क्षीण आवाजात. मी तुला मिठी मारायला धावले तर तू पहिलं काय केलंस? कानांवर हात. "सांगू नको! सांगू नको! मी पुढच्या वर्षी येनार हाय!" म्हातारी पहाडी बाई तोंडाला पदर लावून हसत होती. ती का हसत होती, ते मला कळलं होतं आणि तुला वाटत होतं कळलं नाही.

घरी आल्यावर मी नवऱ्याला नुसतं म्हटलं, जाऊन आले, माथ्यापर्यंत. तो "हो?" म्हणाला आणि वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्या जूनमध्ये मी बी.ए.चा फॉर्म भरला. पास झाले तेव्हा पेढे घेऊन पहिली तुझ्याकडे आले, आणि म्हटलं, हे तुझ्या खोटेपणाचे पेढे. तू चवताळलीस. "पाय दुखत होता माझा!" नव्हता. "होता!" नव्हता, माझ्याकडे पुरावा आहे. "काय पुरावा?" ते सांगायचं तर वरचं सांगावं लागेल. झालं, आ-आ-आ. आणि पेढा मात्र एका हातानं उचललास, त्यासाठी तेवढा एक कान उघडा राहिला.

पुढचं वर्ष काही आलं नाही. कधी तुझी आई आजारी, कधी माझ्या मुलीची परीक्षा, कधी शाळेची जत्रा, मग लग्नं, मग आपले गुडघे. दर नाताळला तुमच्या घरचं गोडधोड, ते कुसवार, खाताना तू म्हणायचीस, "या टायमाला नक्की." मीही नक्की म्हणायचे. आपल्याला घाई नव्हती. खरं सांगू, मला त्याचाच राग येतोय आता. तुझा नाही, त्या घाई नसण्याचा. तू आडवी पडलीस तेव्हाही मी हॉस्पिटलात येऊन बसायचे आणि मनात म्हणायचे, सांगून टाकू का हिला? पण तू म्हणायचीस, बरी झाले की मार्चमध्ये तिकडे बर्फ असतो का गं? मग मी कशी सांगणार! डोंगर बघायचा राहिलाय म्हणून तू बरी होशील, असं मला वाटायचं. वेडी मी.

बरं, रडून झालं. आता ऐक. हात खाली कर.

झाडं संपली आणि आम्ही उघड्या माथ्यावर आलो. वारा असा की उभं राहवेना. आणि ढग नव्हतेच गं! गाईड जे येणार म्हणत होता ते आलेच नव्हते. स्वच्छ ऊन, सगळा बर्फ चमचम करत होता. गाईड ओरडला, "वो देखो, वो देखो!" आणि चौघीजणी पलीकडच्या शिखरांकडे धावल्या. काळेमावशींनी हात जोडलेले मी पाहिले. मी मात्र उलटी वळले. म्हटलं, आधी खाली ती दिसते का बघू.

दिसलीस. आमच्या पायांखालीच ते मैदान होतं. हाक पोचणार नाही इतकं लांब, पण पांढऱ्यात पिवळा रेनकोट दिसेल इतकं जवळ. तू झोपडीपासून पार पुढे, मैदानाच्या मध्यावर येऊन उभी होतीस. मान वर. तू हात उंच करून बोट हलवत होतीस. मला आधी कळेना. मग कळलं, तू मोजत होतीस. एक, दोन, तीन, चार, पाच आणि सहावी मी. सहावीवर तुझं बोट थांबलं.

आणि मग तू नाचायला लागलीस! रेजिना, तू नाचलीस! लग्नाचा बँड दारात आल्यावर जशी सगळ्यांच्या पुढे होऊन नाचायचीस ना, एक हात कमरेवर, एक हात वर, तशी. गुडघाभर बर्फात! ती म्हातारी किटली घेऊन बाहेर आली तर तिचा हात धरून तिलाही नाचवलंस. उड्या काय मारल्यास, गिरक्या काय घेतल्यास. मंगल माझ्याजवळ आली आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या तुझ्या नावानं ओरडायला लागलो. तुला ऐकू गेलं नाही. एका गिरकीत माझा तो फाटका डावा बूट तुझ्या पायातून उडाला आणि लांब जाऊन पडला. आणि तू तो आणायला गेलीस लंगडी घालत. कुठल्या पायावर? उजव्या! मुरगळलेल्या उजव्या पायावर, टुणटुण, जाताना आणि येताना! पाय दुखत होता म्हणे!

हा माझा पुरावा. मंगल साक्षीदार आहे. मुकाट्यानं हार मान आता.

बाकी वरून काय काय दिसतं, ती शिखरं कशी होती, किती होती, ते तू काळेमावशींना विचार. त्या तुझ्याआधी गेल्यात, तिथेच असतील कुठेतरी, त्यांनी डोळे भरून बघितलं होतं. मला काही सांगता यायचं नाही गं. गाईडनं हाक मारेपर्यंत मी तुझ्याकडेच बघत होते.